ज्वारीची भाकरी आणि पेलाग्राचे कोडे

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात अभावजन्य रोगांचा एक तक्ता असतो. एका बाजूला जीवनसत्त्वाचे नाव, दुसऱ्या बाजूला ते न मिळाल्यास होणारा रोग. 'अ'पुढे रातांधळेपणा, 'ब१'पुढे बेरीबेरी, 'क'पुढे स्कर्व्ही, 'ड'पुढे मुडदूस. याच तक्त्यात 'ब३' म्हणजे नायसिनसमोर 'पेलाग्रा' हा शब्द येतो. शिक्षक तो फळ्यावर लिहितात, विद्यार्थी पाठ करतात आणि सगळे पुढच्या ओळीकडे वळतात. पेलाग्रा हा कुठल्यातरी दूरदेशी, मका खाणाऱ्या लोकांचा रोग असावा, असाच आपला समज होतो.

हा समज अर्धाच खरा आहे. या रोगाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या दख्खनच्या पठारावर, ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या माणसांना तपासून हैदराबादेत लिहिले गेले. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ आणि भोवतालची गावे हा या पठाराचाच भाग. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. इथल्या शेतातले आणि ताटातले मुख्य धान्य पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी हेच होते. म्हणून येथील शाळेत हा तक्ता शिकवताना पेलाग्राच्या ओळीपाशी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. आहारातील आवश्यक घटक म्हणजे नेमके काय, आणि ते केवळ ताटात असणे पुरेसे असते का, या प्रश्नाचे उत्तर त्या एका ओळीत दडले आहे.

मक्याचा रोग

१७३५ साली स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांमधील एका विचित्र रोगाची नोंद केली. उन्हात उघडी राहणारी कातडी आधी लाल होई, मग काळी पडून खरखरीत होई. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उमटे. वैद्यकाच्या पुस्तकांत आजही त्याला 'कासालची कंठी' म्हणतात. पुढे इटलीत हा रोग पसरला आणि १७७१ साली फ्रापोली याने त्याला 'पेलाग्रा', म्हणजे 'खरखरीत कातडी', हे नाव दिले. त्वचेचा दाह, जुलाब आणि बुद्धिभ्रंश ही या रोगाची तीन मुख्य लक्षणे. उपचार न झाल्यास शेवट मृत्यूत होई.

रोगी बहुधा मका खाणारे असत. कोलंबसानंतर अमेरिकेतून मका युरोपात आला होता आणि गरिबांचे मुख्य अन्न बनला होता. त्यामुळे मक्यात काही विष असावे, किंवा खराब मक्यातून काही जंतू पसरत असावेत, असे तर्क दीडशे वर्षे चालले. गंमत अशी, की ज्या मेक्सिकोतून मका आला तेथे लोक हजारो वर्षे मकाच खात होते आणि त्यांच्यात हा रोग जवळजवळ नव्हता. ते लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवून, भिजवून, मग वाटून त्याच्या भाकऱ्या करीत. युरोपियनांनी मका उचलला, पण तो शिजवण्याची ती रीत मागेच ठेवली. तिचे महत्त्व कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्राने थैमान घातले. १९१४ साली तेथील सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराला या कामावर पाठवले. अनाथाश्रम आणि वेड्यांची इस्पितळे पाहताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तेथे राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यातच दिवसभर वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. रोग संसर्गजन्य असता तर तो असा भेद करता ना! मग त्याने मिसिसिपी राज्यातील दोन अनाथाश्रमांतील मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये वाढवली. रोग नाहीसा झाला. १९१५ साली त्याने उलट प्रयोग केला. शिक्षेत माफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना मका, साखर, पांढरा तांदूळ अशा आहारावर ठेवले, तेव्हा त्यांतील सहा जणांत पेलाग्राची लक्षणे दिसली. आजच्या नीतिनियमांनुसार असा प्रयोग मान्य होणार नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. रोग जंतूंचा नाही हे पटवण्यासाठी १९१६ साली गोल्डबर्गरने रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि त्यांच्या कातडीचे पापुद्रे गोळीत घालून गिळले. त्याची पत्नीही या प्रयोगात सहभागी झाली. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

याच काळात एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाबरोबर गोल्डबर्गरने कापड गिरण्यांच्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरून पाहणी केली. कुटुंबाचे उत्पन्न कमी तसा पेलाग्रा जास्त, असे आकडे मिळाले. दक्षिणेत दारापर्यंत कापूस पेरला जाई. भाजीपाल्याला आणि दुभत्या जनावराला जागा उरत नसे. रोगाचे कारण शोधता शोधता हे संशोधक शेतीच्या आणि मजुरीच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचले.

गोल्डबर्गर १९२९ साली वारला. रोग टाळणारा तो घटक कोणता, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेयेम याने कुत्र्यांमधील पेलाग्रासारखा 'काळी जीभ' हा रोग निकोटिनिक आम्लाने बरा होतो हे दाखवले. हेच नायसिन. तंबाखूतील निकोटिनशी गल्लत होऊ नये म्हणून हे दुसरे नाव रूढ झाले.

तरी एक गाठ सुटत नव्हती. दुधात नायसिन फार थोडे असते, मग दूध पिणाऱ्याला पेलाग्रा का होत नाही? उत्तर १९४५ च्या सुमारास मिळाले. आपले शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नायसिन स्वतः तयार करते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन, असा हिशेब धरतात. दुधाच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन चांगले असते, मक्याच्या प्रथिनात फार कमी. शिवाय मक्यातील बरेचसे नायसिन अशा बंधात अडकलेले असते, की आतड्याला ते मिळत नाही. मेक्सिकोतील चुन्याची निवळी नेमका हा बंध सोडवीत होती. मक्याचे कोडे येथे सुटले.

कुन्नूर ते हैदराबाद

आता आपल्याकडे येऊ. भारतातील पोषणविषयक संशोधनाची सुरुवात १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी तेथे एका खोलीत प्रयोगशाळा थाटली. तिचीच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. मॅककॅरिसन यांच्यानंतर आलेल्या ॲक्रॉइड यांच्या काळात, १९३७ साली, भारतीय अन्नपदार्थांतील पोषक घटकांचे कोष्टक प्रसिद्ध झाले. शंभर ग्रॅम ज्वारीत किती प्रथिने, किती लोह, हे सांगणाऱ्या आपल्या आजच्या तक्त्यांचे मूळ तेथे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रयोगशाळेची धुरा डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्याकडे आली. १९५८ साली ही संस्था हैदराबादला हलली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते.

तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेकडून ज्वारीच्या प्रदेशात आलेल्या या शास्त्रज्ञांना हैदराबादच्या रुग्णालयांत पेलाग्राचे रोगी दिसू लागले. हातापायांवर आणि गळ्यावर तीच काळी, खरखरीत कातडी, तेच जुलाब, तीच उदासी. काहींची रवानगी मनोरुग्णालयात झालेली असे. पण हे लोक मका खात नव्हते. ते ज्वारी खात होते, आणि बरेचसे ज्वारीच खात होते.

हे कोडे का होते, हे समजण्यासाठी आपणच एक ढोबळ हिशेब करू. कष्टकरी माणूस दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी खातो असे धरा. जुन्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि ३ मिलिग्रॅम नायसिन असते. म्हणजे ४०० ग्रॅममधून १२ मिलिग्रॅम नायसिन थेट मिळाले. ४० ग्रॅम प्रथिनांत ट्रिप्टोफॅन साधारण १.१ टक्का, म्हणजे ४४० मिलिग्रॅम. त्याला ६० ने भागले की सुमारे ७ मिलिग्रॅम. एकूण १९. प्रौढ माणसाची गरज साधारण १५ ते १८ मिलिग्रॅमची. कागदावर हा माणूस निरोगी असायला हवा! उलट पांढऱ्या तांदळात नायसिन ज्वारीपेक्षा कमी असूनही तितक्याच गरीब तांदूळ खाणाऱ्यांत पेलाग्रा सहसा आढळत नव्हता. कोष्टक एक सांगत होते आणि रोग्याची कातडी दुसरेच सांगत होती.

ल्युसीनचा धागा

डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी मका आणि ज्वारी यांत समान काय आहे, असा प्रश्न विचारला. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, ज्वारीत तितके कमी नाही. पण दोन्ही धान्यांच्या प्रथिनांत ल्युसीन हे दुसरे अमिनो आम्ल खूप जास्त असते. ज्वारीच्या प्रथिनात ते साधारण १२ ते १४ टक्के, तर तांदळात ८ टक्क्यांच्या आसपास. ल्युसीनही आवश्यक अमिनो आम्लच आहे. शरीर ते तयार करू शकत नाही, अन्नातूनच घ्यावे लागते. मग आवश्यक घटकच जास्त झाल्याने दुसऱ्या आवश्यक घटकाचा तुटवडा पडत असेल का? १९६० साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा विचार मांडला.

पुढील दहा-बारा वर्षे हैदराबादच्या गटाने, त्यात बी. बेलवडी आणि कमला कृष्णस्वामी यांच्यासारखे संशोधक होते, या धाग्याचा पाठपुरावा केला. माणसांना ल्युसीन दिल्यावर ट्रिप्टोफॅनच्या चयापचयातून लघवीत येणाऱ्या पदार्थांचे प्रमाण बदलते, असे त्यांना दिसले. ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या, तसेच ल्युसीन वाढवलेल्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत 'काळी जीभ' दिसली. आयसोल्युसीन हे तिसरे अमिनो आम्ल दिले की ल्युसीनचा परिणाम कमी होतो, असेही त्यांनी नोंदवले. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या वाटेवर जीवनसत्त्व 'ब६' लागते. त्याच्याही कमतरतेचा या रोगाशी संबंध असावा, असे पुढे दिसून आले. ज्वारीच्या सर्व वाणांत ल्युसीन सारखे नसते हेही लक्षात आले आणि कमी ल्युसीनचे वाण शोधण्याचा विचार पुढे आला.

मात्र विज्ञानाची गोष्ट येथे 'आणि कोडे सुटले' असे म्हणून संपत नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत इतर देशांतील काही प्रयोगशाळांना ल्युसीनचा असा परिणाम पुन्हा दाखवता आला नाही. त्याच काळात ज्वारीतील नायसिनही मक्याप्रमाणे बऱ्याच प्रमाणात बंधात अडकलेले असते, असे प्रयोग प्रसिद्ध झाले. तसे असेल, तर आपण वर मांडलेल्या हिशेबातील १२ मिलिग्रॅममधून शरीराच्या हाती थोडेच लागते. ल्युसीनचा वाटा किती, अडकलेल्या नायसिनचा किती, 'ब६'चा किती, याबद्दल एकमत झालेले नाही. पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचा वाद नाही. कोष्टकात दिसणारा घटक आणि शरीराला मिळणारा घटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणताही पोषक घटक एकटा काम करीत नाही.

भाकरीची सोबत

यावरून कोणी 'ज्वारी वाईट' असा निष्कर्ष काढील तर तो चुकीचा ठरेल. मराठवाड्यातील लाखो माणसे ज्वारी खाऊन निरोगी राहिली आहेत. पेलाग्रा गाठत असे तो ज्याच्या ताटात भाकरीशिवाय फारसे काही नसे त्याला. म्हणजे प्रश्न भाकरीच्या सोबतीचा आहे. ही सोबत काय करते ते पाहू.

ज्वारीच्या प्रथिनात लायसीन फार कमी, सुमारे २ टक्के असते. तुरीच्या डाळीच्या प्रथिनात ते ७ टक्क्यांच्या जवळपास. उलट तुरीत मेथिओनीन कमी पडते, ते ज्वारीतून मिळते. म्हणून भाकरी आणि वरण वेगवेगळ्या वेळी खाण्यापेक्षा एकत्र खाण्यात प्रथिनांचा उपयोग अधिक होतो. पण तुरीत ट्रिप्टोफॅन फारसे नसते. ती उणीव ताक आणि दूध भरून काढतात. शेंगदाण्याच्या चटणीत नायसिन भरपूर असते. हरभऱ्यातून 'ब६' मिळते, अंबाडीसारख्या पालेभाजीतून इतर 'ब' जीवनसत्त्वे आणि खनिजे. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो. वरण, ताक, चटणी आणि भाजी यांतील एकही पदार्थ भाकरीइतका पोटभर खाल्ला जात नाही, पण भाकरी अंगी लागते ती त्यांच्यामुळे.

शेतातही ही सोबत होती. ज्वारीच्या पिकात तुरीचे तास असत, मूग-उडीद असे, बांधाला अंबाडी आणि कडेने कारळ-जवस असे. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिव भागात होणारी वेळा अमावस्या, म्हणजे आपली 'येळवस', आठवा. कडब्याच्या कोपीपाशी बसून जे जेवण होते त्यात कोवळ्या शेंगा, हरभरा, तूर आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी असते, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबवलेली आंबील असते, उंडे असतात. आपल्या पूर्वजांना अमिनो आम्ले माहीत होती असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे विज्ञानाला धरून होणार नाही. त्या हंगामात शिवारात जे पिकते ते सारे एकत्र शिजते, एवढेच. पण शिवारात विविधता असली की ताटात ती आपोआप येते, हे मात्र त्यातून दिसते. आणि ही मेजवानी वर्षातून एकदाच येते. उरलेल्या दिवसांचे ताट कसे असते, हा खरा प्रश्न आहे.

दुष्काळात पहिली हरवते ती ही सोबतच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर वाटली गेली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि अशा कामांवर सुकडीही दिली जाई. धान्य मिळाल्याने पोटाची आग शमली. पण जनावरे विकली गेली की ताक जाते, विहिरी आटल्या की भाजी जाते, आणि डाळ तर मजुराच्या यादीत शेवटी येते. उष्मांक पुरवणे आणि पोषण पुरवणे यांतील अंतर अशा वर्षी उघडे पडते.

आजच्या ताटाचा हिशेब

पेलाग्रा आता आपल्याकडे विरळ झाला आहे. आहार बदलला, गहू आणि तांदूळ रेशनवर पोहोचले, औषधे मिळू लागली. म्हणून हे प्रकरण बंद करावे का? आम्हाला तसे वाटत नाही. लातूरच्या शिवारात आता खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनखाली आहे. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, पण ते बाजारात जाते. त्याचे तेल निघते, पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात ते क्वचितच येते. दारापर्यंत कापूस पेरणाऱ्या अमेरिकन दक्षिणेची येथे आठवण होते. नगदी पिकाने पैसा येतो, हे खरे. त्या पैशातून डाळ, दूध, भाजी विकत घेतली जाते की चहा-बिस्किटे, यावर घराचे आरोग्य ठरते.

शिक्षकांच्या हाती येथे एक चांगले साधन आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. हा आकडा मुलांकडूनच पडताळून घ्या. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ७.५ ग्रॅम आणि २० ग्रॅम डाळीतून सुमारे ४.५ ग्रॅम, म्हणजे बरोबर १२. मग विचारा, डाळ निम्मी पडली तर काय होईल? प्रथिने सव्वादोन ग्रॅमनेच कमी होतील. पण तांदळाच्या प्रथिनातील लायसीनची उणीव भरणारा घटकच निम्मा होईल, त्यामुळे नुकसान सव्वादोन ग्रॅमपेक्षा मोठे असेल. खिचडीत डाळ का मोजून घालायची, हे आठवीच्या मुलाला या एका उदाहरणाने कळेल.

दुसरा उपक्रम घरचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एक आठवडा वहीत रोज पाच रकाने भरावेत : धान्य, डाळ किंवा कडधान्य, दूध-ताक किंवा अंडे-मांस, पालेभाजी किंवा इतर भाजी, आणि शेंगदाणे-तीळ-जवस यांसारख्या तेलबिया. किती खाल्ले हे लिहू नये, त्या दिवशी ते खाल्ले की नाही एवढीच खूण करावी. वह्यांवर नावे घालू नयेत, नाहीतर गरीब घरातील मूल खोटी खूण करील, आणि ते तसे करील याचा दोष त्याचा नसेल. आठवड्याच्या शेवटी सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडावी. धान्याचा रकाना भरलेला असेल. उरलेल्या चार रकान्यांपैकी कोणता सर्वांत रिकामा आहे आणि का, याची चर्चा वर्गात व्हावी. पावसाळ्यात एकदा, येळवशीच्या सुमारास एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा अशी तीन वेळा ही नोंद केली, तर हंगामानुसार ताट कसे बदलते ते मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

गोल्डबर्गर आणि सिडनस्ट्रिकर यांनी गिरणी वस्त्यांत घरोघरी फिरून हेच काम केले होते. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत कोष्टकावर विसंबून न राहता रोग्याने काय खाल्ले ते विचारले. शिरूर अनंतपाळच्या शाळेतल्या वहीतील रिकामा रकाना शोधणारे मूल त्याच रीतीने काम करीत असेल. त्या मुलाला तक्त्यातील पेलाग्राची ओळ पाठ करावी लागणार नाही.